०.५० पास, ०.३८ नापास: कुत्र्यांच्या रेबीज टायटरचा आकडा कसा वाचायचा

आज एक शोधनिबंध वाचू या. २००७ साली ‘व्हॅक्सीन’ या नियतकालिकात आलेला, केनेडी आणि सहकाऱ्यांचा. प्रश्न साधा आहे: रेबीजची लस दिल्यावर कुत्र्याच्या रक्तात अँटिबॉडी किती तयार होतात आणि त्या कशाकशामुळे कमी-जास्त होतात? नमुना मात्र साधा नाही, १०,४८३ कुत्री! आपण एम.व्ही.एस्सी.ला साठ-सत्तर नमुने गोळा करताना मेटाकुटीला येतो, तिथे दहा हजारांवर. त्यामुळे होतं काय, की रेबीज आणि कुत्रा हे दोन शब्द ज्या सिनॉप्सिसमध्ये एकत्र येतात तिथे हा निबंध पहिल्या पानावर येऊन बसतो. आणि बहुतेक वेळा चुकीच्या कामासाठी.

निबंध चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. माझी तक्रार निबंधापेक्षा तो वापरणाऱ्यांबद्दल जास्त आहे. पण निबंधाच्याही काही मर्यादा आहेत आणि त्या समजल्याशिवाय हिंगोली किंवा परभणीत बसून त्यातलं एकही वाक्य उचलू नये, असं माझं मत आहे.

पहिला प्रश्न नेहमी हाच विचारा: ही १०,४८३ कुत्री आली कुठून? संशोधनासाठी कुणी ती निवडली नव्हती. ती प्रवासाला निघाली होती. ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या कुत्र्या-मांजरांना वर्षानुवर्षं सहा महिने विलग ठेवण्याचा नियम होता. फेब्रुवारी २००० मध्ये त्याला पर्याय म्हणून पाळीव प्राण्यांची प्रवास योजना सुरू झाली. प्राण्याला मायक्रोचिप बसवा, रेबीजची लस द्या, मग रक्त तपासून त्यात अँटिबॉडीचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक आहे हे दाखवा, की विलगीकरण टळलं. लोकांना फ्रान्सला सुट्टीवर कुत्रं न्यायचं होतं, म्हणून हजारो नमुने प्रयोगशाळेत जमा झाले. त्या साठलेल्या माहितीवर हा निबंध उभा आहे.

आता तुम्ही म्हणाल, हिंगोलीतून कुत्रं परदेशी कोण नेतंय? अहो, दिवस बदललेत. वसमत-कळमनुरीची पोरं पुण्यातून थेट जर्मनीला जातात आणि घरचं कुत्रं मागे ठेवायला बायको-मुलं तयार नसतात. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोचं काम उभं राहतंय, तेव्हा उलट्या दिशेनेही एखादं कुत्रं येईल. संख्या थोडीच असेल, पण आपल्याला नियम समजून घ्यायला एक उदाहरण पुरे.

समजा, वसमतच्या एका घरातला मोती जर्मनीला निघालाय. युरोपीय संघाचा २०१३ सालचा नियम (क्रमांक ५७६) असा आहे: आधी चिप, मग लस. चिपच्या आधी दिलेली लस धरली जात नाही, कारण ती याच कुत्र्याला दिली हे सिद्ध कसं करणार? लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं. ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचं. आणि रक्त घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. म्हणजे १ जूनला चिप आणि लस झाली, तर रक्त लवकरात लवकर १ जुलैला आणि प्रवास १ ऑक्टोबरला. अहवाल नापास आला तर पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस, पुन्हा तीन महिने. १ ऑगस्टला दुसरी लस दिली तरी नोव्हेंबर संपतो. तोवर बापाची नोकरी सुरू झालेली असते, मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात, आणि मोती आजोबांकडे.

हे सगळं एका आकड्यावर अवलंबून आहे. म्हणून तो आकडा येतो कसा हे बघू. इथे जरा थांबून वाचा, कारण निबंधातले तक्ते समजायचे तर हाच भाग कामाचा आहे.

या कामासाठी दोन पद्धती प्रमाण मानल्या जातात. एक १९७३ची, जिला आरएफएफआयटी म्हणतात. दुसरी एफएव्हीएन, १९९८ साली फ्रान्समधल्या नॅन्सीच्या प्रयोगशाळेतल्या क्लिके आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. दुसरी समजायला सोपी. ९६ खळग्यांची प्लेट घ्यायची. कुत्र्याचं सीरम तिप्पट-तिप्पट पातळ करत जायचं, प्रत्येक पायरीला चार खळगे. प्रत्येक खळग्यात ठरावीक प्रमाणात जिवंत रेबीज विषाणू टाकायचा आणि तासभर ठेवायचं. सीरममध्ये पुरेशा अँटिबॉडी असतील तर त्या विषाणूला निकामी करतील. मग पेशी टाकायच्या, दोन दिवस ठेवायच्या, चमकणारा रंग लावायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं. खळग्यात एकही पेशी चमकली तर विषाणू वाचला. एकही चमकली नाही तर अँटिबॉडी जिंकल्या. मधलं काही नाही, हो किंवा नाही.

किती खळग्यांत ‘नाही’ आलं ते मोजून आणि सोबत लावलेल्या माहितीच्या संदर्भ-सीरमशी तुलना करून आकडा काढतात. आता हिशेब करा. पायरी तिप्पट, खळगे चार. म्हणजे एक खळगा इकडचा तिकडे झाला की आकडा तीनच्या चतुर्थमुळाने, म्हणजे साधारण १.३२ पटीने बदलतो. सोयीसाठी एक पायरी नेमकी ०.५० वर धरली, तर या शिडीवरचे आकडे असे येतात: ०.२९, ०.३८, ०.५०, ०.६६, ०.८७. मधले आकडे येतच नाहीत. ०.४५ नावाची पायरीच शिडीवर नाही.

आलं लक्षात? ०.३८ आणि ०.५० यांच्यात फरक आहे एका खळग्याचा. आपला मोती नोव्हेंबरपर्यंत थांबणार की ऑक्टोबरला जाणार, हे एका खळग्यात एक पेशी चमकली की नाही यावर ठरू शकतं. प्रयोगशाळा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. नॅन्सीची प्रयोगशाळा मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना नियमितपणे अनोळखी नमुने पाठवून त्यांची परीक्षा घेते, ती पद्धत कडकच आहे. पण कितीही कडक केलं तरी मोजपट्टीवरच्या खुणा जितक्या दूर आहेत तितक्याच राहणार. त्यात मे महिन्यात वसमतहून निघालेलं सीरम वाटेत खराब झालं, लाल पेशी फुटलेल्या असल्या, तर ते सीरम प्लेटमधल्या पेशींनाच मारतं आणि खळगा वाचणं अवघड होतं.

नियम करणाऱ्याला कुठेतरी रेघ मारावीच लागते, सीमेवरचा अधिकारी आलेख वाचत बसू शकत नाही. संशोधकाला मात्र ती सक्ती नाही. हाती सलग मोजमाप असताना ते ‘पास-नापास’ अशा दोन डब्यांत टाकलं की तुम्ही माहिती स्वतःच्या हाताने फेकून देता. ०.३८ आणि ०.०५ एका डब्यात, ०.५० आणि २० दुसऱ्या डब्यात. केनेडींच्या निबंधाचं मला आवडलेलं वैशिष्ट्य इथेच आहे. त्यांनी पास होण्याची शक्यताही पाहिली आणि अँटिबॉडीची पातळीही स्वतंत्रपणे पाहिली. तुम्हीही टायटरचा लॉगॅरिदम घ्या, भूमितीय सरासरी द्या, आणि मग हवं तर शेवटी ०.५ च्या वर किती ते सांगा. नुसती टक्केवारी देणारा तक्ता तोंडी परीक्षेत उभा राहत नाही.

आता निष्कर्षांकडे. निबंध सांगतो: लहान आकाराच्या कुत्र्यांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त अँटिबॉडी, वर्षाच्या आतल्या पिल्लांमध्ये प्रौढांपेक्षा कमी, लसीच्या प्रकारानुसार फरक, लस आणि रक्त यांच्यातल्या दिवसांनुसार फरक, जातीनुसारही फरक. वाचायला सगळं पटतं. पॉमेरेनियनला एक मिलिलिटर आणि ग्रेट डेनलाही एकच मिलिलिटर, तेव्हा आकाराचा परिणाम दिसावा यात नवल नाही.

पण दिवसांचं बघा. पहिल्या लसीनंतर अँटिबॉडी साधारण चार ते सहा आठवड्यांत शिखरावर जातात आणि मग उतरतात. कुत्र्याचं रक्त कितव्या दिवशी घ्यायचं हे त्या कुत्र्यावर चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं. डॉक्टर ठरवतो, आणि डॉक्टर बऱ्याचदा लस बनवणाऱ्या कंपनीचा सल्ला पाहून ठरवतो. म्हणजे ‘कुठली लस’ आणि ‘कितवा दिवस’ ही दोन कारणं एकमेकांत गुंतली. संख्याशास्त्राने काही गाठी सुटतात, सगळ्या नाही. दहा हजारांचा नमुना यादृच्छिक चूक कमी करतो. गुंतलेली कारणं दहा हजारांतही गुंतलेलीच राहतात, फक्त जास्त आत्मविश्वासाने चुकतात. मोठा नमुना बघून दबून जाऊ नका, एवढंच मला यातून सांगायचंय.

दुसरी गोष्ट, हे पास होऊ पाहणाऱ्यांचं जग आहे. मालक पैसेवाला, कुत्रं खाऊन-पिऊन सुखी, जंत काढलेले, डॉक्टर ठरलेला. हिंगोलीच्या बाजारात मटणाच्या दुकानापुढे बसलेलं गावठी कुत्रं या जगात नाही. पोटात जंत, अंगावर गोचिडी, वय कुणालाच माहीत नाही. त्याच्या शरीराचा लसीला प्रतिसाद कसा असेल, हे या निबंधावरून सांगता येत नाही. आणि तरी सिनॉप्सिसमध्ये वाक्य येतं: ‘कुत्र्यांमध्ये लसीकरणानंतर पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होते’, आणि पुढे केनेडी, २००७. कुठल्या कुत्र्यांमध्ये?

आणि ‘पुरेशी’ म्हणजे काय? हा माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. ०.५ हा आकडा कुत्र्यांवर संशोधन करून, त्याखाली मरतात आणि त्यावर जगतात, असा काढलेला नाही. तो माणसांच्या लसीकरणाच्या संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेच्या चौकटीतून आला. अर्थ एवढाच, की या पातळीला शरीराने लसीला नक्की प्रतिसाद दिला असं म्हणता येतं, मोजमापातल्या गोंधळामुळे तसं वाटतंय अशी शंका उरत नाही. म्हणजे तो पुरावा आहे लस लागू पडल्याचा. कुत्र्यांना लस देऊन नंतर मुद्दाम विषाणू टोचण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत ०.५ च्या खाली असलेले प्राणीही वाचलेले दिसतात. कारण रक्तात फिरणाऱ्या अँटिबॉडी हा बचावाचा एक भाग. आठवण ठेवणाऱ्या पेशी सीरमच्या नळीत येत नाहीत.

सीमेवरच्या नियमाला हे चालतं. त्याचा प्रश्नच वेगळा आहे: या कागदावर लिहिलेली लस खरंच दिली होती का, आणि ती चांगली होती का? प्रमाणपत्र खोटं असू शकतं, लस उन्हात पडलेली असू शकते. रक्त खोटं बोलत नाही. आणि तीन महिन्यांची वाट कशासाठी? लसीच्या आधीच कुत्र्याला संसर्ग झाला असेल तर बहुधा त्या काळात रोग दिसून येईल, म्हणून. दोन वेगवेगळ्या भीतींसाठी दोन वेगळी कुलपं. जपानने तर तीन महिन्यांऐवजी १८० दिवस ठेवलेत. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून जास्त धोक्याच्या देशांतून, म्हणजे भारतातूनही, येणाऱ्या आणि अमेरिकेबाहेर लस घेतलेल्या कुत्र्यांसाठी रक्तचाचणी नाहीतर विलगीकरण असा नियम केला. या नियमांवर टीका करणारे पाळीव-प्राणीप्रेमी बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. रेबीज नसलेल्या देशाने एक खळगा जास्त मागितला तर त्यात मला काही गैर वाटत नाही.

गैर तेव्हा होतं, जेव्हा सीमेवरचं कुलूप आपण गावात आणून लावतो. दोन प्रकार सांगते.

पहिला, ‘आमच्या कुत्र्याचं टायटर भरपूर आहे, चावला तरी काही होत नाही.’ हे वाक्य शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. कुत्रा चावल्यावर कुत्र्याचं टायटर बघून माणसाचे उपचार ठरत नाहीत. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची, दवाखाना गाठायचा, लसीचे डोस पूर्ण करायचे, रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. आपल्याकडे अजून ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही भीती आहे. मेंदूच्या ऊतीपासून बनणारी ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली, पण आजीच्या तोंडी ती जिवंत आहे, आणि त्या भीतीपोटी लोक हळद नाहीतर मिरची लावून घरी बसतात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. तुमच्या प्रबंधातलं एक ढिलं वाक्य बातमीत गेलं आणि कुणी इंजेक्शन टाळलं, तर ते दुरुस्त करायला शुद्धिपत्र पुरत नाही.

दुसरा प्रकार प्रबंधांचा. विषय असा असतो: ‘हिंगोली जिल्ह्यातील कुत्र्यांमधील रेबीज अँटिबॉडींचे प्रमाण’. शंभर कुत्र्यांचं रक्त घेतलं आणि समजा तीस ०.५ च्या वर आली. निष्कर्ष लिहिला जातो, सत्तर टक्के कुत्री असुरक्षित. पण या शंभरांत लस किती जणांना, कधी दिली होती? दोन वर्षांपूर्वी लस घेतलेलं, टायटर उतरलेलं पण विषाणू आला तर सावरणारं कुत्रं आणि लसच न घेतलेलं कुत्रं तुम्ही एका डब्यात टाकलंत. शिवाय रक्त कुणाचं मिळालं? जे पकडू देतं त्याचं. जे पकडू देत नाही, चावतं, त्याच्याबद्दल तुमच्याकडे काहीच नाही, आणि जिल्ह्याला काळजी त्याचीच.

इथे ‘सत्तर’ या आकड्याचा आणखी एक घोळ होतो. कुत्र्यांमधली साखळी तोडायला सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळायला हवी, असं सर्वत्र धरलं जातं. भारताच्या २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याच्या राष्ट्रीय आराखड्यातही (तो २८ सप्टेंबर २०२१ ला जाहीर झाला) लसीकरणाचं लक्ष्य हेच आहे. ते सत्तर टक्के लस *मिळालेल्या* कुत्र्यांचे आहेत, कुठल्याही दिवशी ०.५ च्या वर सापडणाऱ्या कुत्र्यांचे नाहीत. दोन वेगळ्या गोष्टींना एकच टक्केवारी लावली की तालुक्याच्या बैठकीत कुणीतरी विचारतं, लस देऊनही फक्त तीस टक्के, मग पैसे कशाला घालायचे? चांगली चालू असलेली मोहीम अशा एका तक्त्याने अडू शकते.

गोव्याकडे बघा. २०१३ ते २०१९ मधल्या तिथल्या कामाचा निबंध २०२२ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. दरवर्षी ९५,००० हून जास्त कुत्र्यांना लस, ७० टक्के व्याप्ती, दीड लाख मुलांपर्यंत शिक्षण, आणि कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक नोंदींत ९२ टक्के घट. यश मोजलं कशाने? लस दिलेल्या कुत्र्यांच्या अंगावरच्या रंगाच्या खुणा मोजून, फोनवर जागा नोंदवून, आणि मेलेल्या किंवा आजारी कुत्र्यांची तपासणी करून. तिथे मुख्य प्रश्न होता रोग कमी झाला का, आणि त्याचं उत्तर त्यांनी रोग मोजूनच दिलं.

मग टायटर संशोधनात निरुपयोगी? नाही हो. नेमकी तुलना करायची असेल तर ते फार कामाचं हत्यार आहे. २०१६ साली टांझानियातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला, लँकेस्टर आणि सहकाऱ्यांचा. प्रश्न होता: कुत्र्यांची रेबीज लस फ्रिजबाहेर राहिली तर बिघडते का? काही लस नेहमीच्या थंडाव्यात ठेवली, काही २५ अंशांना सहा महिने, काही ३० अंशांना तीन महिने. कुत्र्यांना ती देऊन चार आठवड्यांनी टायटर पाहिलं. उष्णतेत ठेवलेली ती विशिष्ट लस त्या मर्यादेत कमी पडली नाही. इथे ०.५ चा अर्थ काय यावर वाद घालायची गरजच पडत नाही. सगळ्या गटांचा दिवस एक, पद्धत एक, बदल फक्त साठवणीचा. केनेडींच्या निबंधात गुंतलेली दोरी इथे आधीच सुटी करून ठेवलीय, आणि तीही दहा हजार कुत्र्यांशिवाय.

हा प्रश्न आपला आहे, बरं का. सेनगाव तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लाइट गेली की फ्रिजचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. पण आपल्या उन्हाळ्यात तापमान चाळिशी पार करतं, आणि टांझानियाच्या प्रयोगाची हमी तीस अंशांपर्यंतच. चाळीस अंशांना काय, हे उत्तर त्यात नाही. त्यासाठी गट करून, दिवस ठरवून तुलना हवी. प्लेटचं काम स्वतः करायची स्वप्नं मात्र पाहू नका. जिवंत रेबीज विषाणू हाताळायला वेगळी सुरक्षित प्रयोगशाळा आणि स्वतःचं लसीकरण लागतं. बंगळुरूच्या हेब्बाळला पशुवैद्यकीय महाविद्यालयात रेबीजची संदर्भ प्रयोगशाळा आहे, अशा ठिकाणाशी गाईडमार्फत आधी बोलून घ्या, नमुने गोळा केल्यावर नाही. एलायझा किट सोपं वाटेल, पण ते चिकटणाऱ्या अँटिबॉडी मोजतं, विषाणूला निकामी करणाऱ्या नाही. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

आणि विषाणूला हात न लावता करता येईल असं काम हवं असेल, तर औंढा नागनाथला लसीकरण मोहिमेनंतर रंगाच्या खुणा मोजा. सकाळी लवकर, तोच रस्ता, दोन वेगवेगळ्या दिवशी. फक्त महाशिवरात्रीचा आठवडा टाळा. यात्रेत आजूबाजूची कुत्री खाण्यामागे गोळा होतात आणि तुमचा छेद, म्हणजे एकूण कुत्र्यांचा आकडा, रोज बदलत राहतो.